ब्रेकमास्तरांचं लर्निंग

ब्रेकमास्तरांना हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते चुकीचं आहे असं म्हणणारा माणूस अख्ख्या शहरात सापडला नसता. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते, आणि त्या ब्रेकवर मास्तरांचा पाय इतकी वर्षं राहिला होता की पुढेपुढे तो गाडीबाहेरही ऐकेनासा झाला. सिनेमात एखादी गाडी भरधाव वळणावर आली की पुढच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाच्या पाठीत मास्तरांचा बूट बसायचा. लिफ्ट खाली यायला लागली की मास्तर टाच दाबून उभे. घरी बायकोने वाढताना डाव जरा जास्त भरला की टेबलाखाली पाय जायचा आणि तोंडातून निघायचं, "बास, बास, बास... ब्रेक!"

आवाजाचंही तेच. त्यांची गाडी कोणत्या गल्लीत आहे हे तीन गल्ल्या अलीकडे कळायचं. "क्लच! अहो, क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे!" असं कानावर आलं की म्हातारी माणसं पटकन फुटपाथवर चढायची, आणि गाडी नंतर यायची. पण शिकवायचे मात्र जीव तोडून. शहरातले निम्मे डॉक्टर, झाडून सगळे पोस्टमन आणि अग्निशामक दलाचे दोन चालक त्यांच्याच हाताखालून गेले होते, आणि एकेकाने मास्तरांच्या शिव्या अशा जपून ठेवल्या होत्या की चारजण जमले की त्यांची उजळणी व्हायची.

मास्तर राहायचे वर, आणि खालच्या खोलीत वर्ग भरायचा. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात उघडून ठेवलेलं एक जुनं इंजिन, आणि मधल्या टेबलावर खडूने आखलेला चौक. त्या चौकात मास्तर खेळण्यातल्या गाड्या फिरवायचे आणि कायदा शिकवायचे. लायसन्सचा कायदा हा त्यांचा खास आवडीचा विषय. तो सांगताना ते उभेच राहायचे.

"लायसन्स म्हणजे सरकारने तुमच्यावर टाकलेला विश्वास. आणि सरकारचा विश्वास तारखेवर चालतो! मुदत संपली, पण वर्षाच्या आत गेलात, तर नुसतं नूतनीकरण. फोटो काढा, डोळे तपासा, घरी जा. पण वर्ष उलटलं, की तुम्ही तान्हं बाळ! मग पहिल्यापासून सगळं. आधी कॉम्प्युटरची परीक्षा, मग लर्निंग, मग महिनाभर गाडीला लाल एल लावून हिंडायचं, तेही शेजारी लायसन्सवाला माणूस असेल तरच. मग साहेबांपुढे टेस्ट. तिथे कुणाची ओळख चालत नाही, कुणाचं वय चालत नाही. कळलं?"

सगळे माना हलवायचे. मास्तर खेळण्यातली रुग्णवाहिका चौकातून सोडायचे आणि वर्ग सुटायचा.

आता एक गोष्ट शहरातल्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मास्तरांच्याही नव्हती. मास्तर स्वतः गाडी चालवत नसत. त्यांना कधी गरजच पडत नसे. बाजारातून पोतं आणायचंय, चालवायला विद्यार्थी. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, विद्यार्थी. कुणाच्या लग्नाला जायचंय, तर हारतुऱ्यांसकट मागे मंडळी, पुढे घामाघूम झालेला विद्यार्थी आणि शेजारी मास्तर. "प्रॅक्टिस होते हो त्यांची," असं ते म्हणायचे. विद्यार्थ्यांनाही वाटायचं, मास्तर आपल्यासाठी केवढा वेळ देतात.

मास्तरांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, पण त्या शिकवत वगैरे नसत. त्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. दिवसभर कण्हणारे, खोकणारे, "माझा नंबर आधी होता" म्हणून भांडणारे, सगळ्यांना त्या एकाच आवाजात "बसा, बोलावते" म्हणायच्या, आणि माणसं बसायची. एकदा त्यांच्या मनात आलं, की घरात गाडी आहे, घरात मास्तर आहे, तर आपणही शिकावं. मास्तर हरखले. पहिल्याच सकाळी बाई चालकाच्या सीटवर बसल्या, गाडी सुरू केली, आणि घरापासून कोपऱ्यापर्यंत जे काही झालं ते शेजारणी अजून एकमेकींना करून दाखवतात.

"अगं आरसा! अगं, माणूस आहे समोर! अगं, तो माणूस नाही, खांब आहे! अगं, खांब असला म्हणून काय झालं!"

कोपऱ्यावर बाईंनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. खाली उतरल्या आणि चालत घरी निघून गेल्या. उतरण्याआधी तिने आरशात मागचं बघितलं, एवढं मास्तरांनी मनातल्या मनात नोंदवलं, आणि त्यांना थोडं बरंही वाटलं.

तो विषय तिथे संपला, असं मास्तर समजले. पुढे काही आठवड्यांनी ते एका नवशिक्याला घेऊन मोठ्या चौकात लाल सिग्नलला उभे होते. शेजारी दुसरी शिकवणीची गाडी येऊन थांबली. नदीपलीकडच्या स्कूलची. तिथला शिकवणारा इतका कमी बोलायचा की मास्तरांनी त्याला मौनीबुवा नाव ठेवलं होतं. मास्तरांनी कीव केल्यासारखं तिकडे पाहिलं. मौनीबुवा हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत होता. आणि स्टिअरिंगवर मास्तरीणबाई.

मास्तरांनी काच खाली केली. "अगं!"

बाईंनी मान वळवली. "अहो, सिग्नल सुटला," त्या म्हणाल्या, आणि त्यांची गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघून गेली. मास्तरांच्या विद्यार्थ्याची तिथेच बंद पडली, आणि मागच्यांनी हॉर्नचा गजर सुरू केला.

संध्याकाळी मास्तर पिशवी खाली न ठेवताच म्हणाले, "त्या मौनीबुवाकडे?"

"तो ओरडत नाही."

"ओरडत नाही म्हणजे शिकवत नाही!"

"पुढच्या आठवड्यात टेस्ट आहे माझी. तुम्ही कुंपणापाशी येऊन हातवारे करू नका, एवढीच विनंती."

बाई पहिल्याच फटक्यात पास झाल्या. मास्तर चार दिवस गप्प होते. त्यांच्या मानाने तो विक्रमच म्हणायचा.

या सगळ्याला बरीच वर्षं झाली. मग एके दिवशी मास्तरांकडे सलूनवाला शिकायला आला. माणूस लाघवी, हात हलका, पण एक खोड. जन्म आरशासमोर गेलेला. गाडीत बसला की त्याची नजर आरशावर जायची ती हटायचीच नाही. मागून कोण येतंय, त्याच्या कपड्यांचा रंग काय, त्याने दाढी कधी केलीय, सगळं त्याला ठाऊक. पुढचा रस्ता मात्र परका. त्या दिवशी मागच्या मोटारसायकलवाल्याच्या मिशीचा काप बघण्याच्या नादात त्याने गोल चौकाला उलटा वळसा घातला. मास्तरांनी ब्रेक दाबला, आणि गाडी बरोबर एका पोलीसबाईंच्या पुढ्यात थांबली.

पोलीसबाई नव्याने बदलून आलेल्या. जुने पोलीस मास्तरांची गाडी बघून हसून हात करायचे, कारण तेही त्यांच्याच हाताखालचे. या बाईंना काहीच माहीत नव्हतं.

"लर्निंग आहे का?" त्यांनी सलूनवाल्याला विचारलं. त्याने दाखवलं. बाईंनी ते पाहिलं, परत दिलं आणि म्हणाल्या, "समोर बघून चालवा. जा."

इथे मास्तर गप्प बसते तर ही गोष्टच घडली नसती. पण मास्तर गाडीतून खाली उतरले.

"बाई, तुम्ही नवीन दिसता. राग मानू नका, पण तुमचं एक चुकलं."

"काय चुकलं?"

"शिकाऊ माणसाला अडवलं, की शेजारी बसलेल्याचंही लायसन्स बघायचं असतं. त्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो."

"बरं झालं सांगितलंत," पोलीसबाई म्हणाल्या. "दाखवा."

मास्तरांनी मोठ्या ऐटीत पाकिटातून लायसन्स काढलं. कितीतरी वर्षांत त्यांनी ते काढलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. त्यावरच्या फोटोत मास्तरांना दाट, मागे वळवलेले केस होते. आता तिथे फक्त ऊन पडायचं. फोटो बघितला की जिवाला लागायचं, म्हणून ते बघतच नसत.

पोलीसबाईंनी फोटो पाहिला. मास्तरांचं डोकं पाहिलं. "हे तुम्हीच?"

"मीच. तेव्हाचा आहे."

"तेव्हाचाच आहे. हे संपलंय."

"केस ना? हो, आमच्या वडिलांचेही..."

"केस नाही. मुदत. मागच्या वर्षी पण नाही, त्याच्याही मागच्या वर्षी."

मास्तरांनी लायसन्स हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला, उन्हात धरलं, सावलीत धरलं. तारीख हलली नाही. सलूनवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून हळूच म्हणाला, "मास्तर, म्हणजे तुम्ही आता तान्हं बाळ?"

पोलीसबाईंनी पावती फाडली आणि विचारलं, "आता ही गाडी इथून कोण नेणार? याच्याकडे लर्निंग आहे, पण शेजारी बसायला लायसन्सवाला नाही. तुमच्याकडे तर काहीच नाही."

फोन करावा लागला. दवाखाना जवळच होता. बाई खिडकीवर दुसरीला बसवून गळ्यातल्या ओळखपत्रासकट चालत आल्या. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं, लायसन्स काढून दाखवलं, आणि नवऱ्याकडे वळून त्याच त्या आवाजात म्हणाल्या, "बसा मागे." मास्तर बसले. सलूनवालाही बसला. भर चौकातून मास्तरांची गाडी बाई चालवत निघाल्या, आणि मागच्या सीटवर गुडघे जुळवून दोघे पुरुष, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे.

सलूनवाल्याच्या पोटात काही राहत नसे, हे सांगायला नको. संध्याकाळपर्यंत शहरात ज्याची दाढी झाली त्याला बातमी कळली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," असं एक गिऱ्हाईक फेसाखालून म्हणालं. त्यावर सलूनवाल्याने वस्तरा थांबवून त्याला दम दिला, की मास्तरांबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही. आणि मग पहिल्यापासून सगळी हकिगत पुन्हा सांगितली, कारण गिऱ्हाइकाला मधला भाग नीट कळला नव्हता.

खालच्या वर्गाला कुलूप लागलं. मास्तर परवान्याच्या ऑफिसात गेले. तिथला कारकून त्यांना ओळखायचा. रोज विद्यार्थ्यांची रांग घेऊन येणारा माणूस. "आज कुणाला आणलंत?" त्याने विचारलं.

"स्वतःला," मास्तर म्हणाले.

कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांच्या एका बाजूला मिसरूड फुटलेला पोरगा आणि दुसऱ्या बाजूला नाकाला रुमाल लावून बसलेली एक कॉलेजकन्यका. पडद्यावर प्रश्न यायला लागले. पहिला प्रश्न, म्हातारी व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर काय कराल? पर्याय तीन: हॉर्न वाजवू, थांबू, वळसा घालून जाऊ. मास्तरांनी हात वर केला.

"यात चौथा पर्याय हवा," ते कारकुनाला म्हणाले. "आधी आरसा बघू, मग वेग कमी करू, मग थांबू. नुसतं थांबू म्हणजे काय? मागचा येऊन आदळेल ना!"

"मास्तर, वेळ जातोय."

"वेळेचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे."

तोपर्यंत तो प्रश्न निघून गेला आणि दुसरा आला. त्यातल्या चित्रातल्या ट्रकचा इंडिकेटर चुकीच्या बाजूला लागलेला आहे, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. तिसऱ्याची भाषा त्यांना पटली नाही. शेवटी पडद्यावर लाल अक्षरांत 'अनुत्तीर्ण' आलं. शेजारचा पोरगा पास झाला होता. जाताना तो मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, सोपं असतं. घरी जाऊन जरा वाचा."

तो हात मास्तरांच्या खांद्यावर रात्रीपर्यंत होता. बाईंनी जेवायला बोलावलं तरी ते खालच्या वर्गात अंधारातच बसून होते.

"काय झालं एवढं?" बाई जिन्यावरून म्हणाल्या.

"माझा वर्ग बंद करावा म्हणतो. ज्याला पहिला प्रश्न सोडवता येत नाही त्याने कुणाला काय शिकवायचं?"

बाईंनी दिवा लावला. "सोडवता येतो. तुम्हाला उत्तर येतं, पण तुम्ही उत्तर देत नाही, व्याख्यान देता. उद्या तोंड मिटून बोटाने दाबा. चला, भात गार होतोय."

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी ओठ दाताखाली धरून बटणं दाबली आणि लर्निंग हातात पडलं. गाडीला लाल एल लागला. कायद्याप्रमाणे शेजारी लायसन्सवाला माणूस हवा. माणूस घरातच होता.

पहिल्या सकाळी दोघं गाडीपाशी आली, आणि मास्तर सवयीने शेजारच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बाईही तिथेच आल्या.

"पलीकडून," बाई म्हणाल्या.

मास्तर पलीकडून जाऊन बसले. स्टिअरिंग समोर आलं तेव्हा ते जरा मागेच सरकले. गाडी सुरू केली, क्लच सोडला, गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. हजारो माणसांना जे सांगितलं ते सगळं डोक्यात हजर होतं, पण पायापर्यंत उतरत नव्हतं. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मास्तरांनी स्वतःच जोरात ओरडून सांगितलं, "क्लच! क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे!"

पलीकडच्या घरातले आजोबा पटकन फुटपाथवर चढले.

बाईंचे पाय पेडलपासून लांब होते, हात मांडीवर. मास्तर एकेका चुकीनंतर डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघायचे, की आता ओरडेल, आता ओरडेल. आणि ती ओरडत नाही म्हटल्यावर त्यांना जास्तच घाम फुटायचा.

खरी परीक्षा झाली ती पुलाच्या चढावर. पुढची वाहनं थांबली, मास्तर थांबले, आणि निघायच्या वेळी गाडी पुढे जायच्या ऐवजी वीतभर मागे घरंगळली. मागच्या टेम्पोने जो हॉर्न दिला तो मास्तरांच्या मणक्यातून गेला. कानात त्यांना त्यांचाच आवाज ऐकू यायला लागला: हाफ क्लच, अहो हाफ क्लच, झोपलात का, मागे माणसं आहेत, कुणाची आई-बहीण आहे मागे! हे वाक्य आपण किती माणसांना याच चढावर ऐकवलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. माणसाला खरं म्हणजे तेव्हा काहीच ऐकू येत नसतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"मी उतरतो," ते म्हणाले. "तू घे."

"हँडब्रेक ओढा," बाई म्हणाल्या. "मागचा थांबलेला आहे. त्याला कुठेही जायचं असलं तरी तो आपल्या मागूनच जाणार आहे. तुमचं झालं की निघू."

मास्तरांनी हँडब्रेक ओढला. श्वास घेतला. टेम्पोवाला शिव्या देऊन देऊन दमला. मग क्लच हळू सुटला, इंजिनाचा आवाज बदलला, हँडब्रेक खाली गेला आणि गाडी चढ चढून पलीकडे उतरली.

पूल मागे पडल्यावर मास्तरांनी विचारलं, "हे त्या मौनीबुवाने शिकवलं?"

"तो कुठे काय शिकवायचा? तो नुसता बसायचा. तो घाबरत नाही म्हटल्यावर मला घाबरायची लाज वाटायची."

मास्तर पुढच्या चौकापर्यंत आले. तिथे त्यांनी इंडिकेटर द्यायच्या ऐवजी वायपर लावला, पण तो भाग वेगळा.

सलूनवाल्याचं शिक्षण मात्र अर्धवट लटकलं होतं. त्याचीही टेस्ट जवळ आलेली. त्याने येऊन बाईंनाच गळ घातली, की तुम्ही नुसत्या शेजारी बसा. बाई तयार झाल्या. मास्तरांना मागे बसायची परवानगी मिळाली, ती न बोलण्याच्या अटीवर. मागच्या सीटवर पायाखाली काहीच नव्हतं. मास्तर दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसायचे आणि घरी आल्यावर डोक्याला बाम लावायचे. सलूनवाल्याचे डोळे आरशात गेले की बाई एवढंच म्हणायच्या, "गिऱ्हाईक समोर आहे." तो दचकून पुढे बघायचा. आठवड्याभरात तो सरळ चालवायला लागला. मास्तरांनी तीन महिने त्याच्यावर घसा फोडला होता.

टेस्टचा दिवस उजाडला. मैदानाच्या कुंपणापाशी जमिनीवर पिवळी रेघ होती. मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना बाहेरून खुणा करतात म्हणून साहेबांनी ती खास त्यांच्यासाठी आखून घेतली होती. ती आखल्यापासून तिच्या आत मास्तर प्रथमच शिरत होते. साहेब म्हणजे दगडी चेहऱ्याचा माणूस. हसू आलं तर तो पाठ फिरवून हसायचा, असं म्हणत.

सलूनवाला आधी गेला आणि पास होऊन आला. मग साहेब मास्तरांच्या शेजारी बसले. "चला, मास्तर."

मास्तरांनी सुरुवात झकास केली. फक्त जीभ आवरली नाही. "आता बघा, आपण आरसा बघतो. आता इंडिकेटर. आता मान वळवून खांद्यावरून बघतो, हे पुष्कळजण विसरतात." साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. उलटी गाडी खांबांमधून घेतली, एकही खांब हलला नाही. "याला म्हणतात अंदाज," मास्तरांनी साहेबांना समजावून सांगितलं.

मैदानातल्या शेवटच्या थांबारेषेपाशी ते आले. पुढे दुसऱ्या कुठल्या स्कूलची एक मुलगी टेस्ट देत होती, आणि तिची गाडी बंद पडली होती. सुरू करायची, बंद पडायची. मास्तरांच्या घशाशी काहीतरी आलं. त्यांनी गिळलं. गाडी पुन्हा बंद पडली. मास्तरांनी काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर झुकले आणि आभाळ फाटल्यासारखे ओरडले, "क्लच दाब, बाळ! पूर्ण दाब! आता हळू... हळू सोड... शाब्बास!"

मुलीची गाडी निघाली. मास्तर समाधानाने आत आले, तेव्हा त्यांची स्वतःची गाडी थांबारेषा ओलांडून, पुढच्या छोट्या कुंपणाला टेकून उभी होती. साहेब आपला पेन सीटखाली शोधत होते.

"ती पास," साहेब वर येत म्हणाले. "तुम्ही नापास." आणि ते उतरून, पाठ फिरवून, बराच वेळ उभे राहिले.

पुढच्या खेपेला निघताना बाईंनी मास्तरांच्या तोंडात एक लवंग ठेवली. "ही दाढेखाली धरायची. चावायची नाही, बाहेर काढायची नाही, आणि ती असेपर्यंत बोलायचं नाही."

मास्तरांनी अख्खी टेस्ट लवंगेवर दिली. आरसा बघितला, सांगितलं नाही. वळले, समजावलं नाही. मधे एक गाढव मैदानात घुसून आडवं उभं राहिलं. त्याला काय काय सुनवावं याची वाक्यंच्या वाक्यं मास्तरांच्या मनात तयार झाली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते लवंगेचंही असेल. ते थांबले. गाढवाने वेळ घेतला. मास्तरांनी घेऊ दिला. गाढव गेलं आणि मास्तर निघाले.

परत जागेवर आल्यावर साहेबांनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. "मास्तर, तब्येत बरी आहे ना? घरी सगळे ठीक?"

मास्तरांनी फक्त मान हलवली. साहेबांनी सही केली.

वर्ग पुन्हा उघडला. मास्तर बदलले का? थोडे बदलले. चढावर ते आता ओरडत नाहीत. चढ आला की खिडकीबाहेर बघतात आणि ओठ घट्ट मिटतात. सपाट रस्त्यावर मात्र अजून तीन गल्ल्या ऐकू जातं. बायकांच्या शिकवणीला आता संध्याकाळी बाईच बसतात. त्यासाठी लागणारी शिकवणाऱ्याची परीक्षाही त्यांनी दिली. तिकडेच गर्दी जास्त आहे, आणि हे मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगतात, म्हणजे दुसऱ्या कुणी आधी सांगायला नको.

सुट्टीच्या दिवशी मास्तर गाडी बाहेर काढतात आणि स्वतः चालवतात. एकदा अशीच दोघं बाईंच्या बहिणीकडे निघाली होती. शहराबाहेरचा लांबलचक रस्ता, वाहनं तुरळक. मास्तरांनी गिअर बदलला, तो इतका मऊ बदलला की दाद घ्यावी म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं. बाई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

"अगं, उठ," मास्तर म्हणाले. "चालवणाऱ्याच्या शेजारी झोपायचं नसतं."

बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "नियम आहे का तसा?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. सगळी कलमं एकेक करून नजरेखालून घातली.

"नाही," ते म्हणाले. "नियम असा नाही."

"मग झोपू द्या. बहिणीचं घर आलं की उठवा."

मास्तरांनी तिच्या तोंडावर येणारं ऊन अडवायला समोरची झडप खाली केली, आणि गाडी एका लयीत जाऊ दिली.